दोसेरावर राहिलेल्या दोघी

व्हेनिसच्या खाडीतल्या दोसेरा बेटावरची वस्ती उठत चालली होती त्या वर्षांत बेटावर एकाच माणसाला कामाची ददात नव्हती. तो म्हणजे मारकोलीनाचा नवरा नादालिन. त्याच्याकडे रुंद पोटाची होडी होती. जे घर उठे ते त्याच्याच होडीतून पलीकडे जाई. आधी पेट्या, कोंबड्या, म्हातारी माणसं. मग दारं, चौकटी, तुळया. शेवटच्या खेपेला कौलं. कुणी तोर्चेल्लोला गेलं, कुणी मुरानोला, बरेचसे बुरानोला. सगळ्यांना पोचवून नादालिन रिकाम्या होडीनं परत यायचा आणि दारातूनच सांगायचा, आज अमक्याची चूल विझली. मारकोलीना म्हणायची, "आपली पेटलीय ना? मग हात धुऊन जेवायला बस."

तिचा बाप विदाल मिठागरावर राबलेला माणूस. ती लहान असतानाच वरच्या अंगाच्या नदीनं वाट बदलली आणि गोडं पाणी, गाळ, झाडांची खोडं, सगळं दोसेराच्या अंगावर येऊ लागलं. मीठ धरेना. खाऱ्या खाडीत गोडं पाणी शिरलं की पुढे काय होतं हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. बोरूचं रान माजतं, त्यात कुबट वारा कोंडतो, आणि त्या वाऱ्याबरोबर हिवताप येतो. विदालनं मिठाची फावडी टाकून वामी, सापासारखे लांब मासे, पकडायला सुरुवात केली. त्याची बायको लुचिएता तापानं गेली, काही वर्षांनी तोही गेला. दोघांना गावच्या चर्चमध्ये फरशीखाली पुरलं. ज्यानं सगळं गाव पलीकडे पोचवलं तो नादालिनही त्याच तापानं गेला, त्याच फरशीखाली.

मुलगा झोर्झी तोवर मोठा झाला होता. त्यानं बापाची होडी घेतली आणि बुरानोला जाऊन लग्न केलं. आईला म्हणाला, चल. आई म्हणाली, येईन. पण मठाचं धुणं तिच्याकडे होतं, आणि ती धुणं टाकून जाणारी बाई नव्हती.

बेटाच्या पूर्वेच्या टोकाला तो बायकांचा मठ होता. व्हेनिसच्या चांगल्या घरच्या लेकी तिथं साध्वी होऊन यायच्या. ज्या मुलीच्या लग्नाचं बापाला जमत नसे ती मठात येई, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. मारकोलीना त्यांचे कपडे राखेच्या पाण्यात भिजत घाली, उकळी, सपाट दगडावर आपटी आणि मागच्या झुडपांवर पसरी. वेदीवरची वस्त्रं वेगळी धुवायची, तीही पावसाच्या साठवलेल्या गोड्या पाण्यातच. बोलणं म्हणावं असं कुणाशी नव्हतं. भिंतीतल्या फिरत्या कपाटात गाठोडं ठेवायचं, कपाट आतून फिरायचं, झालं.

ताप दर उन्हाळ्यात मठातूनही कुणाला ना कुणाला नेई. एके वर्षी जेवणघरात साप निघाले, एक नव्हे, वेटोळंच. मठमाता वारल्या आणि नवी निवडायला पुरेशा बायका उरल्या नाहीत. तेव्हा बिशपनी ठरवलं की उरलेल्यांनी व्हेनिसमधल्या एका मठात जाऊन राहावं.

होड्या आल्या त्या दिवशी मारकोलीनानं चादरींची मोठी भट्टी लावलेली. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. ती ओल्या चादरी पिळत उभी आणि समोरून साध्वी एकेक करून धक्क्याकडे चाललेल्या. त्यांतली एक अर्मेलीना. साठीकडे झुकलेली, उंच, नाक लांब, आवाज त्याहून लांब जाणारा. तिनं आपलं बोचकं होडीत ठेवलं, जरा वेळ त्याच्याकडे बघितलं, मग पुन्हा उचललं आणि मागे फिरली.

बिशपचा कारकून सभ्य होता. त्यानं पुष्कळ समजावलं. अर्मेलीना म्हणाल्या, "मी व्रत घेतलं ते या मठात. दुसऱ्या मठात मी पाहुणी. आणि पाहुणपण चार दिवसांपुरतं बरं."

"पण बाईसाहेब, आता या मठात आहे कोण?"

"मी आहे."

कारकुनानं मारकोलीनाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, आठवड्यानं पुन्हा होडी पाठवतो, तोवर यांच्याकडे लक्ष ठेव, भूक लागली की शहाण्या होतील. होडी खरंच आली. पण अर्मेलीना तेव्हा प्रार्थनेला बसल्या होत्या आणि ती प्रार्थना काही केल्या संपेना. होडीवाल्यांना ओहोटीच्या आत परतायचं होतं. ते गेले, आणि त्यानंतर कुणी होडी पाठवली नाही.

साध्वी गेल्या त्या पहिल्या दिवशी मारकोलीना थांबली ती चादरींसाठी. त्या वाळल्या नव्हत्या, आणि ओल्या चादरी टाकून जाणार कुठे? दुसऱ्या दिवशी थांबली ती धुरासाठी. स्वयंपाकघरातून एवढा धूर येत होता की तिला वाटलं मठ पेटला. आत जाऊन बघते तर अर्मेलीना ओला बोरू चुलीत कोंबून डोळे पुसत बसलेल्या.

"बाईसाहेब, चूल कधी पेटवलीत का जन्मात?"

"बघितली आहे पेटवताना."

"मग बघतच बसा," मारकोलीना म्हणाली आणि त्यांना हातानं बाजूला सारलं. आजवर तिनं कुठल्या साध्वीला हात लावला नव्हता. तिनं राळ्याची घट्ट पेज केली, त्यावर सिरक्यातल्या कांद्याची फोड ठेवली. बाईसाहेबांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि म्हणाल्या की मठातल्या पेजेला अशी चव नसायची. मारकोलीना म्हणाली, मठातल्या पेजेला अशी भूकही नसायची.

मग तिथंच राहणं झालं. असं काही ठरवलं नाही. आधी तिनं आपल्या घरून तवा आणला, मग कोंबड्या आणल्या, मग एकदा लक्षात आलं की घरी आता आणायला काही उरलं नाही.

साध्वींची प्रार्थना दिवसातून कितीदा तरी असते, आणि ती दोन बाजूंनी म्हणायची असते. डावीकडच्यांनी एक ओळ म्हणायची, उजवीकडच्यांनी पुढची. अर्मेलीना एकट्या. त्या डावीकडे उभ्या राहून एक ओळ म्हणत, मग तुरुतुरु उजवीकडे जात, तिथून उत्तर देत आणि पुन्हा डावीकडे येत. मारकोलीनानं हे पहिल्यांदा खांबाआडून बघितलं तेव्हा तिला बाहीत तोंड खुपसावं लागलं. पण थंडी आली आणि बाईसाहेबांचे गुडघे धरले. मधल्या फरशीवर त्या एक-दोनदा पडता पडता वाचल्या. तेव्हा मारकोलीना उजव्या बाजूच्या बाकावर जाऊन बसली आणि म्हणाली, तुम्ही तिकडेच थांबा, मला काय म्हणायचं ते सांगा.

तिला लॅटिनमधलं अक्षर कळत नव्हतं. ऐकून ऐकून ती आवाज पाठ करी, जसं एखादं पोर होडीवाल्यांच्या हाका पाठ करतं. बाईसाहेब चूक सोडत नसत. एकदा मध्येच थांबून म्हणाल्या, "मारकोलीना, एक अक्षर खाऊन तू आत्ता देवाकडे तारण मागायच्या ऐवजी मीठ मागितलंस."

"मग काय बिघडलं? मिठागर बंद पडलंय."

बाईसाहेब हसल्या नाहीत, पण पुढची ओळ सुरू करायला त्यांना वेळ लागला.

झोर्झी महिन्या-दोन महिन्यांनी होडी घेऊन यायचा. पीठ, तेल, खारवलेला मासा आणायचा आणि दर वेळी तेच म्हणायचा, चल. बुरानोत लोक हसतात म्हणायचा. माझी आई एका चक्रम बाईची मोलकरीण म्हणून राहते, पगाराशिवाय, सापांच्या बेटावर. मारकोलीना ऐकून घ्यायची. त्याच्या बायकोला, कातारूझाला, दिवस गेले तेव्हा मात्र ती गेली. बाळंतपण काढलं, नातवाला न्हाऊमाखू घातलं, महिनाभर राहिली. सुनेशी तिचं भांडण नव्हतं. पण त्या घरात चूल कातारूझाची होती, आणि मारकोलीना एखादं भांडं उचलायला गेली की सून लगेच म्हणायची, "राहू द्या, आई, मी करते." दिवसभर असं "राहू द्या" ऐकून तिला कंटाळा आला.

ती परत आली तेव्हा बाईसाहेब अर्ध्या झालेल्या. महिनाभर त्यांनी उथळ पाण्यातले खेकडे धरून खाल्ले होते आणि बोटं चावून घेतली होती. पण चूल विझू दिली नव्हती. मारकोलीना राखेतले निखारे बघत राहिली. बाईसाहेब म्हणाल्या, "आता बघत बसायची पाळी तुझी."

असे तीन-चार हिवाळे गेले. ईस्टरला एक पाद्री होडीनं येई, मिस्साची उपासना करी आणि जाई. त्यानं मठाची बातमी बिशपकडे नेली असेलच. पण कुणी काही बोललं नाही. एक म्हातारी बाई किती दिवस जगणार, असं त्यांना वाटलं असावं.

मग एका शरदात विटा काढणारे आले. ओस पडलेल्या बेटांवरच्या भिंती उतरवून विटा आणि दगड नवीन बांधकामाला न्यायचे, हा आमच्या खाडीतला जुना धंदा. त्यांच्या मुकादमाचं नाव बोर्तोलो. तो दोसेराचाच. मारकोलीनाच्या घराला लागून त्याचं घर होतं, आणि लहानपणी दोघांनी बोरूतली बदकांची अंडी मिळून चोरली होती. चपट्या बुडाची मोठी होडी त्यानं मठाच्या धक्क्याला लावली, आणि आतून गाणं ऐकू आलं म्हणून माणसांना तिथंच थांबवून पायरीवर बसून राहिला. प्रार्थना संपवून मारकोलीना बाहेर आली.

"आत कोण गात होतं?" बोर्तोलोनं विचारलं.

"बाईसाहेब."

"ते कळलं. दुसरा आवाज कुणाचा?"

"माझा."

"तू कधी साध्वी झालीस, मारकोलीना?"

"झाले नाही. परटीणच आहे. त्यांना उत्तर द्यायला कुणी नाही, म्हणून देते."

बोर्तोलोनं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्याच्याकडे परवाना होता, आणि परवान्यात होतं की दोसेरावरच्या ओस वास्तू उतरवाव्यात. एक बाई आणि एक परटीण म्हणजे मठ होत नाही, तो म्हणाला. मारकोलीना म्हणाली, ओसही होत नाही. ते त्याला पटलं. पण होडी रिकामी नेता येणार नव्हती. रिकामी नेली तर पुढच्या वेळी दुसरा मुकादम येईल, तो दोसेराचा नसेल आणि पायरीवर बसून विचारणार नाही.

"बेटावर उभ्या अशा दोनच गोष्टी उरल्यात," तो म्हणाला. "हा मठ, आणि ते आपलं चर्च. दोन्ही सोडणं माझ्या हातात नाही. कुठलं घेऊ ते तू सांग."

एवढ्यात बाईसाहेब दारात आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या की ही अडचण दूर करता येईल. मठात दुसरी साध्वी हवी ना? त्या आजपासून मठमाता, आणि मारकोलीनाला त्या आत्ताच मठात दाखल करून घेतात. मतदान झालं, एकमतानं झालं.

बोर्तोलोनं मारकोलीनाकडे बघितलं.

"नाही," मारकोलीना म्हणाली. "मी व्रत घेणार नाही, बाईसाहेब. मला मुलगा आहे, नातू आहे. भिंतीसाठी देवाशी खोटं बोलून मी काय मिळवू?"

बाईसाहेबांचा चेहरा ताठ झाला. त्या आत निघून गेल्या.

गावचं चर्च दोसेराच्या लोकांनी बांधलेलं, मिठाच्या चांगल्या दिवसांत. आता अर्ध्या छपराखालून आभाळ दिसायचं आणि कित्येक वर्षांत तिथं मिस्सा झाली नव्हती. पण मारकोलीनाचा बाप्तिस्मा तिथला, लग्न तिथलं, आणि तिची सगळी माणसं तिथल्या फरशीखाली. नंतर लोक तिला विचारायचे, असं कसं सांगितलंस? तेव्हा तिला नीट कारण देता येत नसे. इकडे एक जिवंत बाई होती, तिकडे मेलेली माणसं होती, एवढंच तिच्या मनात आलेलं.

"आपलं घे," ती बोर्तोलोला म्हणाली. "पण जमिनीखालचं आधी मला काढू दे."

दुसऱ्या दिवशी बोर्तोलोच्या माणसांनी फरशा उचलल्या. खालच्या ओल्या मातीत ती आणि बोर्तोलो गुडघ्यांवर बसली. नादालिन अलीकडचा, तो ओळखता आला. बापाचं आणि आईचं तसं नव्हतं. किती पिढ्यांची माणसं एकावर एक तिथं झोपलेली, आणि पाणी वर चढून सगळं एकमेकांत गेलेलं. जे हाती आलं ते तिनं टोपलीत घेतलं, वर धुतलेलं कापड झाकलं आणि मठाच्या मागच्या बागेत नेऊन पुरलं. बोर्तोलोनं खड्डा खणला. त्याची आईही त्या टोपलीत कुठेतरी असेल, असं तो म्हणाला. मग तो गेला आणि त्यानं चर्चच्या भिंतीवर पहिली पहार घातली.

त्या संध्याकाळी मारकोलीना स्वयंपाकघरात मातीनं भरलेले हात धूत होती. बाईसाहेबांनी विचारलं, आज प्रार्थनांना का आली नाहीस? तिनं सांगितलं. बाईसाहेब म्हणाल्या, "ते तर गावाचं साधं चर्च होतं. मठाच्या चर्चचं तसं नाही. बरं केलंस."

मारकोलीनानं हात पुसले. पेज वाढून त्यांच्यापुढे ठेवली आणि स्वतः न जेवता बाहेर जाऊन बसली.

त्यानंतर ती प्रार्थनेला जाईना. स्वयंपाक करी, धुणं धुई, पाणी भरी, विचारलं तेवढं बोले. बाईसाहेब डाव्या बाजूला उभ्या राहून एकेक ओळ म्हणत आणि थांबत. त्या आता पलीकडे चालत जात नसत. उत्तराला लागेल तेवढा वेळ गप्प राहत, मग पुढची ओळ म्हणत. बाहेर कपडे आपटताना मारकोलीनाला ती गप्प बसण्याची जागा बरोबर ऐकू यायची. ती जोरात आपटायची.

चर्च पाडल्याची बातमी बुरानोला पोचायला वेळ लागला नाही. झोर्झी आला तो पिठाचं पोतं न आणता आला. होडीतून उतरलाही नाही.

"तिथं मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस," तो म्हणाला. "आपल्या दोसेराची मेनेगाकाकू माझ्या दारात येऊन थुंकली. म्हणाली, व्हेनिसच्या बायांचं चर्च राखायला तुझ्या आईनं आमचं दिलं. माझ्या बापाची हाडं उपटलीस तू, आई."

"उपटली नाहीत. उचलली. या हातांनी." तिनं हात पुढे केले नाहीत, ते पाण्यातच होते. "तू तेव्हा कुठे होतास?"

"मला कुणी विचारलं?"

त्याला विचारायला हवं होतं, हे तिला तेव्हाच सुचलं. त्या दिवशी तो 'चल' म्हणाला असता तर ती गेली असती. तिचं मन तयार होतं, बोचकं बांधायलाही वेळ लागला नसता. पण इतकी वर्षं दर खेपेला तेच म्हणणारा मुलगा त्या दिवशी ते म्हणाला नाही. त्यानं वल्हं मारलं आणि निघून गेला.

पुढच्या सकाळी बाईसाहेब काठी टेकत धुण्याच्या दगडापाशी आल्या. तिथवर त्या कधी आल्या नव्हत्या. खाली बसायला त्यांना बराच वेळ लागला.

"तुझ्या वडलांचं नाव काय?"

"कशाला हवंय?"

"रोज संध्याकाळी आम्ही मेलेल्यांची नावं घेतो. मठाला ज्यांनी जमिनी दिल्या, त्यांची. त्यांतल्या एकालाही मी बघितलेलं नाही. नाव सांग."

मारकोलीनानं चादर पिळून दगडावर ठेवली. "विदाल," ती म्हणाली. "आईचं लुचिएता. आणि नादालिन."

"आणखी कोण?"

"टोपलीत आणखी पुष्कळ होते. कोण कोण ते मला ठाऊक नाही. बोर्तोलोची आई असेल."

बाईसाहेबांनी विचार केला. "मग आपण 'आणि शेजारी' असं म्हणू. लॅटिनमध्ये बसतं ते."

त्यांनी माफी मागितली नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. संध्याकाळी मारकोलीना उजव्या बाजूच्या बाकावर जाऊन बसली. जमिनी देणाऱ्या सरदारांच्या मागून विदाल आला, लुचिएता आली, नादालिन आला, मग शेजारी. तिचा आवाज एका ठिकाणी अडला. बाईसाहेब थांबल्या आणि तो येईपर्यंत वाट बघत राहिल्या.

झोर्झी हिवाळाभर आला नाही. बोर्तोलोच भिंती उतरवायला येई तेव्हा पीठ आणून ठेवी. वसंतात झोर्झी आला, बायकोला आणि मुलाला घेऊन. कुणी मागचं काढलं नाही. कातारूझानं सासूला सिरक्यातले मासे आणले होते. मुलानं बाईसाहेबांच्या नाकाला हात लावला, आणि त्यांनी लावू दिला.

पुढे आणखी पाच-सहा वर्षं दोघी तिथं राहिल्या. गावाच्या जागी आता काही उभं नव्हतं. बोरू मठाच्या भिंतीला लागला. साप मारकोलीना काठीनं उचलून पाण्यात फेकी. मारले तर दुसरे येतात म्हणे. बाईसाहेब खेकडे धरण्यात चांगल्या तरबेज झाल्या. कात टाकल्यावर मऊ झालेला खेकडा कुठे लपतो ते त्या मारकोलीनालाच शिकवू बघायच्या, आणि मारकोलीना म्हणायची, "बाईसाहेब, मी या खाडीत जन्मले, आणि तुम्ही मला खेकडा दाखवता?"

एका उन्हाळी संध्याकाळी जेवण झाल्यावर मारकोलीनानं विचारलं, त्या दिवशी तुम्ही होडीतून बोचकं परत का उचललंत? व्रताचं मला सांगू नका, ते मी ऐकलंय.

बाईसाहेबांनी रिकामी वाटी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "ज्या मठात आम्हाला नेत होते तिथं माझी धाकटी बहीण आहे. तिचं-माझं लहानपणापासून पटत नाही."

मारकोलीना हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला, पाणी प्यावं लागलं. बाईसाहेब म्हणाल्या, "व्रतही होतंच." मारकोलीना आणखी हसली. "ती गाताना सूर चढवते," बाईसाहेब म्हणाल्या, "आणि सगळे तिची वाहवा करतात." शेवटी त्याही हसल्या.

पुढच्या वर्षी ऑगस्टच्या उन्हात बाईसाहेबांना ताप आला. दोसेराचा ताप मारकोलीनाला चांगला ओळखीचा होता: आधी थंडी, मग भट्टी, मग घाम, मग एक दिवस बरं वाटतं आणि माणूस फसतं. बाईसाहेब फसल्या नाहीत. बऱ्या वाटलेल्या दिवशी त्यांनी मारकोलीनाला सांगितलं की मला शहरात नेऊ देऊ नकोस, बागेत टोपलीशेजारी जागा आहे. मारकोलीनानं विचारलं, शेजाऱ्यांत? त्या म्हणाल्या, "मग काय सरदारांत? त्यांतलं कोण माझ्या ओळखीचं आहे?"

दोन दिवसांनी सकाळी त्या गेल्या. वामी धरायला आलेल्या एका कोळ्याबरोबर मारकोलीनानं निरोप धाडला. झोर्झी आला, बोर्तोलो आला, तोर्चेल्लोहून पाद्री आला. मारकोलीनानं बाईसाहेबांना न्हाऊ घातलं, धुतलेला पांढरा कपडा नेसवला, आणि बागेत पुरलं. पाद्रीनं प्रार्थना म्हटली आणि मारकोलीनानं उत्तरं दिली. ती रडली नाही. झोर्झी सांगतो की तिनं चूल विझवली, राख भरून घेतली, कारण राख धुण्याला लागते, आणि होडीत येऊन बसली.

बुरानोला ती आणखी बरीच वर्षं जगली. मुलाच्या घराच्या मागच्या बाजूला तिनं आपली वेगळी भट्टी लावली, त्यामुळे सुनेशी चांगलं निभलं. चर्चमध्ये ती साध्वींसारखी सावकाश, सूर लांबवून उत्तरं द्यायची, आणि शेजारच्या बायकांचा सूर बिघडायचा. पाद्रीनं विचारलं, हे कुठे शिकलीस? ती म्हणाली, धुण्याच्या कामावर. जुन्या दोसेराकरांपैकी काहीजण तिच्याशी बोलायला लागले, काही नाही. मेनेगा शेवटपर्यंत बोलली नाही. दोघी एकाच विहिरीवर पाणी भरायच्या. एक आली की दुसरी घागर उचलून बाजूला थांबायची, इतकंच.

बोर्तोलोनं दोन उन्हाळ्यांत मठ उतरवला. बागेला हात लावला नाही. बाग पुढे आपोआपच पाण्याखाली गेली.

मारकोलीना एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं वारली आणि बुरानोत पुरली गेली. दोसेराच्या जागी आता बोरू आहे आणि बोरूच्या कडेनं खोल गाळ. तिचा नातू तिथं वामींसाठी बोरूचा कूड घालून जाळं लावतो. जागा चांगली आहे, फक्त ओहोटीला जाळं मागे राहिलेल्या विटांत अडकतं.